रस्ता रुंद करण्याआधी गल्ली फिरून बघणारे पॅट्रिक गेडिस

मुंबई-गोवा हायवेने पेण मागे टाकलं की पुढे नागोठणे लागतं. अंबा नदीच्या काठचं हे जुनं बंदर. आज आसपास हायवे, रेल्वे आणि पेट्रोकेमिकल कारखाना. जोराचा पाऊस झाला की अंबेचं पाणी गावात शिरतं. अशा गावात नवी घरं बांधायची कुठे? भातशेतीत, नदीकाठच्या सखल जमिनीत, की जुन्या वस्तीतच जागा काढून?

शंभर वर्षांपूर्वी एक स्कॉटिश माणूस भारतातल्या शहरांत गल्लोगल्ली फिरून याच प्रश्नाचं उत्तर शोधत होता.

पॅट्रिक गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ चा. शिक्षण जीवशास्त्राचं. तरुणपणी मेक्सिकोत असताना काही काळ त्यांची दृष्टी गेली. मायक्रोस्कोपचं काम अवघड झालं आणि लक्ष हळूहळू शहरांकडे वळलं. लग्नानंतर पत्नी अ‍ॅना यांच्यासोबत ते एडिनबरोच्या जुन्या, कोंदट वस्तीत राहायला गेले. घरं सरसकट पाडायची नाहीत, दुरुस्त करायची आणि मधल्या रिकाम्या तुकड्यांत बागा फुलवायच्या, हे त्यांनी तिथेच करून पाहिलं.

१९१४ मध्ये ते भारताकडे निघाले. त्यांचं नगररचनेचं प्रदर्शन दुसऱ्या बोटीवर होतं आणि ती बोट जर्मन युद्धनौका एमडेनने बुडवली. गेडिस यांनी मित्रांकडून नवे नकाशे, चित्रं मागवली आणि १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन भरवलंच.

त्या काळी सुधारणा म्हणजे दाट वस्तीतून सरळ, रुंद रस्ता काढणं. गेडिस यांचा हिशोब वेगळा होता. घरं पडली की माणसं शेजारच्या गल्लीत कोंबली जातात. म्हणजे गर्दी कमी होत नाही, फक्त जागा बदलते. शिवाय जमीन जाते ती वेगळीच. त्यापेक्षा पडीक घराच्या जागी छोटा चौक करा, झाड लावा, अडतंय तेवढाच कोपरा कापा. तंजावरमध्ये इंजिनिअरांचा खर्च ३० हजार रुपयांवर जात होता, गेडिस यांचा ५ हजारांच्या आसपास. हा आकडा आजच्या नगरपालिकांनी बघण्यासारखा आहे!

मुंबई इलाख्यातल्या ज्या शहरांचे अहवाल त्यांनी लिहिले, त्यात ठाणेही होतं. नळ आले तरी विहिरी आणि तळी बुजवू नका, असं ते सांगत. नळ कधीतरी बंद पडणारच, शिवाय तळ्यांमुळे हवा थंड राहते.

१९१७ मध्ये मोठा मुलगा महायुद्धात मारला गेला. अ‍ॅना तेव्हा भारतातच आजारी होत्या. गेडिस यांनी त्यांना ही बातमी कळूच दिली नाही. काही आठवड्यांत त्याही गेल्या.

तरी काम थांबलं नाही. होळकरांच्या इंदूरमध्ये प्लेगची धास्ती होती. तिथे त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढायचं ठरवलं आणि जाहीर केलं, की जिथली घरं सर्वांत स्वच्छ, तिथूनच ती जाईल. शहर झाडायला लागलं. मिरवणुकीत प्लेगचा उंदीर होता आणि लोकांना तुळशीची रोपं वाटली गेली.

१९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणचे गो. स. घुर्ये हे त्यांचेच विद्यार्थी. १९२४ मध्ये गेडिस फ्रान्सला गेले, विभागाची सूत्रं घुर्ये यांच्याकडे आली. १७ एप्रिल १९३२ ला माँपेलिए इथे गेडिस यांचं निधन झालं.