थिओडोर कोखर

मानवाची मान दिसावयास लहान. परंतु श्वासनलिका, अन्ननलिका, मेंदूस रक्त पुरविणाऱ्या धमन्या आणि स्वर सांभाळणारे नाजूक मज्जातंतू यांची तेथे दाटी असते. या अरुंद जागेत शस्त्र चालविण्याची विद्या ज्यांनी पूर्णत्वास नेली, ते थिओडोर कोखर होत.

त्यांचा जन्म २५ ऑगस्ट १८४१ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे झाला. १८७२ साली ते तेथील विद्यापीठात शल्यशास्त्राचे प्राध्यापक झाले. आल्प्सच्या खोऱ्यांतील माती व पाणी यांत आयोडीन अल्प. त्यामुळे गलगंडाचा रोग तेथे फार होता.

गलगंड म्हणजे अवटुग्रंथीची सूज. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात ही ग्रंथी जिभेच्या मुळाशी अंकुरते आणि सातव्या आठवड्यापर्यंत खाली सरकत श्वासनलिकेपुढे येऊन स्थिरावते. जिभेच्या मुळाशी असलेला लहानसा खळगा ही त्या प्रवासाची आजन्म राहणारी खूण होय. परंतु या ग्रंथीचे कार्य काय, हे त्या काळी कोणासही ठाऊक नव्हते.

कोखर यांनी जंतुविरहित पद्धती अवलंबिली, रक्तस्राव बारकाईने रोखला आणि संपूर्ण ग्रंथी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया सुरक्षित केली. रोगी वाचू लागले, कीर्ती पसरली. अशातच १८७४ साली शस्त्रक्रिया केलेली एक बालिका पुढे मंदबुद्धी झाली व तिची वाढ खुंटली, असे त्यांच्या कानी आले. त्यांनी आपल्या जुन्या रुग्णांस तपासणीसाठी परत बोलाविले. ज्यांची ग्रंथी समूळ काढली होती, त्यांपैकी बहुतेकांची तीच दशा आढळली.

हे सत्य झाकणे सोपे होते. कोखर यांनी मात्र १८८३ साली जर्मन शल्यविशारदांच्या परिषदेत ते स्वतः मांडले, आणि साध्या गलगंडात ग्रंथी समूळ काढणे सोडून दिले. ग्रंथी जीवनावश्यक आहे, हे ज्ञान जगास मुख्यतः या कबुलीतून लाभले. पुढे त्यांनी हजारो शस्त्रक्रिया केल्या व मृत्यूचे प्रमाण शेकडा १ हूनही खाली आणले. १९०९ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले शल्यविशारद. २७ जुलै १९१७ रोजी बर्न येथेच त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थिमित्रहो, हातचे कौशल्य अभ्यासाने साधते; परंतु स्वतःची चूक स्वतः शोधून चारचौघांत मांडण्यास वेगळेच धैर्य लागते. कोखर यांचे थोरपण त्या धैर्यात आहे.