दुःखितांचा कथाकार व्हिक्टर ह्यूगो

यंदा मंडळाच्या दुपारच्या वाचनासाठी साने गुरुजींची ‘दुःखी’ ही कादंबरी घेतली होती. अमरावतीच्या भगिनी तर नेमाने येतच. अकोल्याहून माहेरपणाला आलेल्या दोघीतिघीही रमून बसल्या. गुरुजींनी ही कथा ज्या ग्रंथावरून मराठीत आणली, तो ‘ले मिझराब्ल’ हा फ्रेंच ग्रंथ व्हिक्टर ह्यूगो याचा, 1862 सालचा. पाव चोरल्यापायी आणि मग तुरुंगातून पळू पाहिल्यापायी 19 वर्षे बंदिवास भोगणारा मूळ कथेतला जाँ व्हालजाँ, आणि लेकीच्या पोटासाठी आधी केस व मग दात विकणारी फाँतीन, यांच्याविषयी बोलणे निघाले असता एका भगिनीने विचारले की, बायकांचे दुःख इतके जाणणारा हा गृहस्थ आपल्या घरच्या बायकांशी कसा वागला? प्रश्न रास्त होता. ह्यूगोचे चरित्र लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी तोच प्रश्न पुढे ठेवला.

ह्यूगोचा जन्म 26 फेब्रुवारी 1802 रोजी बेझाँसाँ येथे झाला. वडील नेपोलियनच्या सैन्यात अधिकारी, पुढे सेनापती. आईबापांचे पटले नाही, आणि मुले बहुतेक आईच्याच छायेत वाढली. बालपणीची मैत्रीण अदेल फुशे हिच्याशी त्याला लग्न करावयाचे होते. पण आईचा विरोध. ती 1821 साली वारली आणि पुढच्याच वर्षी विवाह झाला. पाच मुले झाली, त्यांतले पहिले तान्हेपणीच गेले. कवी आणि नाटककार म्हणून नाव तर तरुणपणीच झाले. 1831 साली पॅरिसच्या नोत्र दाम या प्राचीन मंदिरावरची कादंबरी निघाली, लोकांचे लक्ष त्या जीर्ण वास्तूकडे वळले आणि पुढे तिचा जीर्णोद्धार झाला.

आता घरातली गोष्ट. 1833 साली ज्युलिएत द्रुए या नटीशी त्याचा स्नेह जडला, तो तिच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे 50 वर्षे टिकला. अदेलचे मनही त्याआधीच नवऱ्यावरून उडाले होते, असे चरित्रकार सांगतात. ज्युलिएतने रंगभूमी सोडली. ह्यूगोवाचून एकटीने घराबाहेर पडावयाचे नाही, असा दंडक तिने कित्येक वर्षे पाळला. याला प्रेम म्हणावे की कोंडवाडा, हे वाचणारीने ठरवावे. मला तरी तो कोंडवाडाच वाटतो.

1841 च्या जानेवारीत एका रात्री ह्यूगोने रस्त्यावर पाहिले, की एका छानछोकी तरुणाने एका गरीब बाईच्या पाठीवर, पोलक्याच्या आत बर्फ कोंबला. ती चवताळून त्याच्या अंगावर धावली; पोलिसांनी धरले मात्र तिला. ह्यूगो चौकीवर गेला, आपले नाव सांगून साक्ष दिली, सही केली आणि तिला सोडविले. फाँतीनच्या अटकेचा प्रसंग यातूनच उतरला.

परंतु त्यानंतर चारच वर्षांनी काय झाले, तेही सांगितले पाहिजे. 1845 च्या जुलैत लेओनी बियार या विवाहितेबरोबर तो पकडला गेला. तिच्या नवऱ्यानेच पोलीस आणले होते. ह्यूगो त्याच वर्षी वरिष्ठ सभेचा सरदार-सभासद झाला होता, म्हणून कायदा त्याला हात लावू शकला नाही. लेओनी मात्र सेंट लाझारच्या तुरुंगात गेली. गुन्हा एकच, दार दोघांचे वेगळे! आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्याने ही दुःखितांची कादंबरी लिहावयास घेतली. लेओनीची आठवण फाँतीन लिहिताना त्याच्या मनाशी होती की नाही, हे मी कशी सांगू? पण तारखा शेजारी-शेजारी आहेत खऱ्या.

याच काळात मनावर आणखी एक घाव होता. थोरली लेक लेओपोल्दीन हिचे लग्न 1843 च्या फेब्रुवारीत झाले, आणि 4 सप्टेंबरला व्हिलेकिए गावापाशी सेन नदीत नाव उलटून ती नवऱ्यासह बुडाली. वय अवघे 19. ह्यूगो तेव्हा ज्युलिएतबरोबर प्रवासात होता. ही वार्ता त्याला पाच दिवसांनी वाटेत वर्तमानपत्रात दिसली.  त्यानंतर कित्येक वर्षे त्याने नवे पुस्तक काढले नाही.

1848 च्या क्रांतीने कादंबरी अर्धवट राहिली. ह्यूगो लोकसभेत निवडून आला. गरिबी आणि फाशीची शिक्षा यांविरुद्ध बोलला. 1851 च्या डिसेंबरात लुई नेपोलियनने सत्ता बळकावली, तेव्हा खोट्या नावाच्या परवान्यावर, कामगाराच्या वेषात तो ब्रुसेल्सला निसटला. हस्तलिखितांची पेटी सांभाळून आणली ती ज्युलिएतनेच. मग जर्सी आणि गर्न्सी या इंग्लिश बेटांवर वास्तव्य झाले. 1859 साली माफी देऊ केली असता त्याने ती नाकारली. हद्दपारीतच त्याने 1861 साली कादंबरी पुरी केली. तिच्या सुवाच्य नकला करणाऱ्यांत ज्युलिएत होती.

1862 पासून दर आठवड्याला गावातली गरीब मुले घरी जेवावयास बोलावीत. आपल्याकडे शेंडगावी जन्मलेल्या आणि मूर्तिजापूरकडे मामाच्या घरी वाढलेल्या गाडगेबाबांनी आंधळ्या-पांगळ्यांच्या पंगती घातल्या, त्यांपुढे हे अन्नदान लहान. बाबांनी स्वतःपाशी काठी-गाडग्याखेरीज काही ठेवले नाही, ह्यूगो मोठ्या घरात राहिला. तरी भुकेल्या मुलाला जेवू घालावे, हे दोघांनाही सुचले खरे.

1868 साली अदेल ब्रुसेल्सला वारली. लेकीशेजारी, व्हिलेकिएला पुरावे, अशी तिची इच्छा होती. ह्यूगो शवपेटीबरोबर फ्रान्सच्या सरहद्दीपर्यंत गेला आणि तेथून परतला. हद्दपारीची शपथ त्याला पुढे जाऊ देईना. 1870 साली साम्राज्य कोसळले, तेव्हाच तो पॅरिसला परतला. पुढच्या तीन वर्षांत दोन्ही मुलगे गेले, आणि नातवंडे जॉर्ज व जान यांत म्हातारा रमला.

22 मे 1885 रोजी तो वारला. गरिबांना 50 हजार फ्रँक द्यावेत आणि आपले शव गरिबाच्याच गाडीतून न्यावे, असे त्याने लिहून ठेवले होते. 1 जूनला ती साधी गाडी लाखो लोकांमधून पाँतेआँपर्यंत गेली. त्याचे एकच अपत्य तेव्हा हयात होते, धाकटी लेक अदेल. आईचेच नाव तिला दिलेले. 1863 साली ती एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यामागे कॅनडात हॅलिफॅक्सला आणि तेथून बार्बाडोसला गेली. त्याने तिला वरले नाही, आणि तिचे मन ढळले. 1872 साली तिला परत आणून एका आश्रयगृहात ठेवले. तेथे ती 1915 पर्यंत जगली.