महाभारताचे शोधक : डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर

भंडारा जिल्ह्यातील दिघोरी असो की कोकणातील एखादी वाडी असो, चातुर्मासात पोथी लागली की पांडवांची कथा ऐकण्यास आबालवृद्ध जमतात. कथा तीच, परंतु सांगणारा बदलला म्हणजे तपशीलही बदलतो. व्यासांच्या संस्कृत महाभारताचेही असेच झाले. शतकानुशतके लेखकांनी भूर्जपत्रांवर, ताडपत्रांवर व कागदांवर त्याच्या नकला केल्या. कोणाचा शब्द चुकला, तर कोणी कानी आलेली कथा भक्तिभावाने मध्येच घातली. काश्मीरची पोथी केरळच्या पोथीशी जुळेना. मग यांतील जुने महाभारत कोणते?

या प्रश्नाला ज्यांनी आयुष्य वाहिले, ते डॉ. सुखटणकर १८८७ साली मुंबईस जन्मले. केंब्रिज येथे त्यांनी अभ्यास केला तो गणिताचा! पुढे संस्कृतच्या ओढीने ते बर्लिनला ल्यूडर्स या थोर पंडितांकडे गेले. ग्रीक लोकांच्या होमर कवीची 'इलियड' व 'ओडिसी' ही महाकाव्येही अशीच नाना पाठांनी चालत आली होती. दोन हजार वर्षांपूर्वीच अलेक्झांड्रियाच्या विद्वानांनी त्यांच्या प्रती ताडून पाहण्यास आरंभ केला होता. ग्रीक व लॅटिन ग्रंथांवर काम करता करता युरोपात या विद्येचे शास्त्र बनले. ते शास्त्र सुखटणकरांनी जर्मनीत आत्मसात केले.

इकडे पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचा संकल्प सोडला होता. १ एप्रिल १९१९ रोजी वयोवृद्ध डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी मंगलश्लोक लिहून कार्यारंभ केला. औंधच्या राजेसाहेबांनी द्रव्यसाहाय्य दिले. १९२५ मध्ये प्रमुख संपादकाची धुरा सुखटणकरांकडे आली.

काम मोठे चिकाटीचे होते. शारदा, नेपाळी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम अशा नाना लिप्यांतील पोथ्या जमवावयाच्या. कागदाच्या माथ्यावर एक श्लोक लिहावयाचा, आणि प्रत्येक पोथीत त्यातील कोणते अक्षर वेगळे आहे ते त्याखाली मांडावयाचे. एकट्या आदिपर्वासाठी सुमारे ६० पोथ्या अशा रीतीने ताडून पाहिल्या गेल्या. काश्मीर आणि केरळ यांचे लेखक एकमेकांचे पाहून लिहीत नव्हते; तेव्हा दोन्हीकडे जो पाठ एकसारखा सापडे तो बहुधा जुना, हे त्यांचे मुख्य सूत्र होते. जेथे शंका राही तेथे शब्दाखाली नागमोडी रेघ ओढली जाई. गणिताची शिस्त येथे कामी आली असावी.

या शिस्तीपुढे आवडत्या कथांचीही गय नव्हती. व्यासांनी सांगावे व गणपतीने लिहून घ्यावे, ही कथा मुलामुलांना ठाऊक आहे. पण अनेक महत्त्वाच्या पोथ्यांत ती आढळेना. सुखटणकरांनी ती मूळ संहितेतून काढून परिशिष्टात छापली. ती टाकून मात्र दिली नाही. वगळलेली प्रत्येक ओळ वाचकापुढे राहिलीच पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष होता.

टीका झाल्यावाचून राहिली नाही. नीलकंठाच्या टीकेसह रूढ असलेला पाठच छापावा व पाठभेद द्यावेत, असे फ्रान्सचे विख्यात पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांनी सुचविले. १९३३ मध्ये आदिपर्व पुरे झाले. त्याच्या विस्तृत प्रस्तावनेत सुखटणकरांनी आपली बाजू सप्रमाण मांडली. नंतर नेपाळातून आदिपर्वाची एक फार जुनी पोथी हाती आली. छापून झालेल्या ग्रंथाची ही परीक्षाच होती! ताडून पाहता, केवळ तर्काने व तुलनेने निवडलेले त्यांचे अनेक पाठ त्या पोथीत जसेच्या तसे सापडले.

१९४२ मध्ये त्यांनी संपादिलेले आरण्यकपर्व प्रसिद्ध झाले. पुढील जानेवारीत मुंबई विद्यापीठात महाभारताच्या अर्थावर त्यांची चार व्याख्याने योजिली होती. तीन झाली. चौथे लिहून तयार होते. पण ते देण्यापूर्वीच २१ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे डॉ. बेलवलकर व डॉ. वैद्य यांनी काम पुढे चालविले, आणि १९६६ साली राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी पुण्यात त्याच्या पूर्ततेची घोषणा केली.