खेकड्याचा डबा आणि बँकेतला कारकून

लहानपणी रविवारी घरात कोळंबी आली की ती सोलायचं काम आजीकडे असे. किलोभर कोळंबी होईस्तोवर तिची बोटं पांढरीफटक पडत आणि काट्यांनी चुरचुरत. पुढे रत्नागिरीजवळच्या एका कारखान्यात दिवसभर बर्फाच्या पाण्यात हात घालून कोळंबी सोलणाऱ्या मुली पाहिल्या, तेव्हा आजीची बोटं आठवली. मुली केरळातल्या होत्या. गावाची भाषा त्यांना येत नव्हती आणि राहणं कारखान्याच्याच आवारात होतं. परदेशी निघालेल्या खोक्यांवर वजन होतं, प्रत होती, देशाचं नाव होतं. सोलणाऱ्या हातांबद्दल मात्र एक अक्षर नव्हतं.

त्याच सुमारास एका जपानी कादंबरीचं इंग्रजी भाषांतर माझ्या हाती आलं. 'कानिकोसेन', म्हणजे खेकडे पकडून तिथल्या तिथे डबाबंद करणारं जहाज. लेखक ताकिजी कोबायाशी. पुस्तक एका बैठकीत संपलं, पण तो माणूस मनातून जाईना.

ताकिजीचा जन्म १९०३ सालचा, उत्तर जपानमधल्या अकिता प्रांतातल्या गरीब शेतकरी कुटुंबातला. तो चार वर्षांचा असताना कुटुंबाने गाव सोडलं आणि होक्काइदो बेटावरचं ओतारू बंदर गाठलं. तिथे काकांची बेकरी होती. ताकिजीने काकांकडे राहून, बेकरीत राबत व्यापारी शाळेचं शिक्षण घेतलं. पुढे उच्च व्यापारी विद्यालयातून पदवी मिळवून १९२४ साली तो होक्काइदो ताकुशोकू बँकेत नोकरीला लागला. त्याच वर्षी वडील गेले. घरात आई आणि भावंडं. आपल्याकडे बँकेतल्या नोकरीला जे मोल, तेच तिथेही. पहिल्या पगारातून त्याने धाकट्या भावाला व्हायोलिन घेऊन दिलं. पुढे भाऊ खरोखरच वादक झाला.

घराची घडी बसत होती, पण ताकिजीला स्वस्थ बसवत नव्हतं. दारूच्या गुत्त्यात विकल्या गेलेल्या ताकी नावाच्या मुलीवर त्याचा जीव जडला. उसने पैसे उभे करून त्याने तिला सोडवलं. ती मात्र त्याच्या आयुष्यावर ओझं व्हायला तयार नव्हती. काही काळाने स्वतःहून निघून गेली. दिवसभर बँकेच्या वह्या आणि रात्री लेखन, असा त्याचा क्रम चालू राहिला. १९२८च्या मार्चमध्ये सरकारने डाव्या कार्यकर्त्यांची देशभर धरपकड केली. ओतारूच्या पोलीस कोठडीत काय घडलं ते ताकिजीने गोष्टीच्या रूपात लिहून छापलं. पोलिसांनी हे नाव मनात ठेवलं.

मग आले खेकडे. हाकोदाते बंदरातून दर वर्षी मोठी जहाजं कामचात्काच्या थंडगार समुद्राकडे निघत. जुन्या जहाजांवरच कारखाने थाटलेले असत. डबाबंद खेकडा अमेरिकेला आणि इंग्लंडला जाई. देशाला परकीय चलन मिळवून देणारा तो माल होता. कामावर कोण, तर कर्जात बुडालेले शेतकरी, खाणकामगार, फीसाठी पैसे हवे असलेले विद्यार्थी आणि चौदा-पंधरा वर्षांची पोरं. यात एक मेख होती. हे जहाज नव्हे, कारखाना आहे, म्हणून त्याला नौकानयनाचा कायदा लागू नाही. आणि तो जमिनीवर नाही, म्हणून कारखान्यांचा कायदाही नाही. दोन कायद्यांच्या फटीत शेकडो माणसं सापडली होती. १९२६ साली अशा एका जहाजावरच्या छळाच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या आणि चिचिबू मारू नावाचं दुसरं जहाज बुडालं. ताकिजीने कात्रणं जमवली आणि हाकोदातेला जाऊन खलाशांना, मजुरांना गाठून बोलतं केलं. हिशेब तपासावा तशा चिकाटीने त्याने सारं टिपून घेतलं.

१९२९च्या मे आणि जून महिन्यांत 'सेन्की' मासिकात ही कादंबरी आली. तिला एकटा असा नायक नाही, बहुतेक मजुरांना नावंही नाहीत. नाव आहे ते देखरेख करणाऱ्या आसाकावाला. बुडत्या जहाजाची हाक ऐकूनही तो आपलं जहाज वळवू देत नाही, कारण त्यात कामाचे दिवस वाया जातील. मजूर संप करतात. आरमाराची नाव येते, तेव्हा त्यांना वाटतं की आपलं सरकार आपल्या मदतीला धावलं. संगिनी घेतलेले शिपाई उतरतात आणि पुढाऱ्यांनाच पकडून नेतात. मजुरांच्या लक्षात येतं की चूक थोडक्यांना पुढे करण्यात झाली. आता सगळ्यांनी एकत्र उभं राहायचं, आणि ते पुन्हा उभे राहतात.

त्याच वर्षी बँकेने त्याला काढून टाकलं. बेपत्ता जमीनदारांवर त्याने लिहिलेली नवी कथा हे निमित्त झालं. १९३० साली तो टोकियोला गेला आणि लवकरच तुरुंगात पोचला. एक आरोप सम्राटाच्या अवमानाचा होता. कादंबरीतला एक मजूर राजवाड्यात भेट जाणाऱ्या डब्यांत खडे टाकायची भाषा करतो, तेवढं पुरलं. त्याची आई सेकी हिला लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलाला तुरुंगात पत्र धाडता यावं म्हणून तिने त्या वयात अक्षरं गिरवली. मला या हकिगतीतलं सर्वांत मोठं धैर्य तिथे दिसतं.

सुटल्यावर तो १९३१मध्ये कम्युनिस्ट पक्षात गेला आणि पुढच्या वर्षी भूमिगत झाला. त्याच्या निवडीची किंमत आईनेही मोजली, हे विसरून चालणार नाही. २० फेब्रुवारी १९३३ला तो टोकियोत पकडला गेला. त्याच दिवशी त्सुकिजी पोलीस ठाण्यात मारहाणीने त्याचा अंत झाला. वय अवघं एकोणतीस. कारण नोंदवलं गेलं ते हृदयविकाराचं. घरी आणलेल्या देहावर मारहाणीच्या खुणा उघड दिसत होत्या, तरी शवविच्छेदन करायला रुग्णालयं तयार झाली नाहीत.

ताकिजीला काढून टाकणारी बँक १९९७ साली बुडाली. त्याची कादंबरी मात्र २००८ साली जपानमध्ये पुन्हा लाखांनी खपली. कायम नोकरी नसलेल्या तरुणांना त्या जहाजात आपलंच दिवसभराचं काम दिसलं. आणि समुद्र? २०१५ साली इंडोनेशियाच्या बेंजिना बेटावर मासेमारीसाठी डांबून ठेवलेली माणसं पत्रकारांनी शोधली. त्या शोधातून दोन हजारांहून अधिक जण सुटले. त्यांनी पकडलेली मासळी अमेरिकेतल्या दुकानांपर्यंत पोचत होती. मासेमारी कामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २००७ साली मंजूर झाला आणि लागू व्हायला २०१७ उजाडलं. फट अजून पुरती बुजलेली नाही.

ज्या त्सुकिजीत ताकिजीचा जीव गेला, तिथेच दोन वर्षांनी, १९३५ साली, टोकियोचा प्रचंड मासळीबाजार उघडला. २०१८ साली तो हलेपर्यंत जगभरचे प्रवासी पहाटे उठून तिथला लिलाव बघायला जात. मासा कोणत्या समुद्रातला, किती ताजा, हे तिथला विक्रेता चटकन सांगे. आपणही आपल्या कोळणीला तेवढंच विचारतो. आजीच्या बाबतीत विचारायची गरजच नव्हती. कोळंबी कोणी सोलली ते तिच्या बोटांवर दिसत असे.