वसईचे दुभाषी : संत गोन्सालो गार्सिया



आपल्या भोसरीत नव्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. कामाला कुठे आहेस? आणि कायम आहेस का? दुसऱ्या प्रश्नाला 'नाही' म्हणताना अनेकांची मान आपोआप खाली जाते. वर्षानुवर्षे त्याच मशीनवर उभे राहिलेले, दर काही महिन्यांनी ब्रेक घेऊन पुन्हा गेटवर आलेले, नव्या पोरांना काम शिकवून तयार केलेले आणि तरीही कंत्राटीच राहिलेले बांधव आपल्या धर्मग्रामात थोडे नाहीत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी या रविवारी मी संत गोन्सालो गार्सिया यांचे चरित्र निवडले आहे. वसईकडून इथे आलेल्या कुटुंबांना हे नाव लहानपणापासून ठाऊक आहे. पण आपण बहुधा त्यांचा शेवटच तेवढा सांगतो. मधली वर्षे राहून जातात, आणि मला तर ती मधली वर्षेच अधिक मोलाची वाटतात.

गोन्सालोचा जन्म 1556-57 च्या सुमारास वसईत झाला. 1534 पासून वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. किल्ल्यात येशूसंघीय धर्मगुरूंचे विद्यालय होते. तिथे फादर सेबास्तियन गोन्साल्विस यांच्या हाताखाली हा मुलगा शिकला. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये वस्ताद नवशिक्याला आधी बाजूला उभे करून नुसते बघायला लावतो, मग हळूहळू हत्यार हातात देतो. चांगल्या गुरूचे काम बहुतेक असेच चालते. शिष्य त्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या वागण्याकडे जास्त पाहत असतो. गोन्सालोने आपल्या गुरूंमध्ये काय पाहिले असेल, ते त्याच्या इच्छेवरून कळते: आपणही येशूसंघीय व्हावे, हेच त्याच्या मनाने घेतले.

पुढे तो येशूसंघीयांबरोबर जपानला गेला. संत फ्रान्सिस झेवियर यांनी 1549 मध्ये तिथे सुवार्तेचे काम सुरू केले होते. युरोपातून आलेल्या धर्मगुरूंना जपानी भाषा फार जड जाई. कुणाशी कोणत्या मानाने बोलायचे, यावर तिथे क्रियापदसुद्धा बदलते. आपल्याला तू, तुम्ही आणि आपण यांची सवय आहे, म्हणून त्यातली अडचण आपल्या चटकन लक्षात येईल. गोन्सालोने ही भाषा चांगलीच आत्मसात केली. लोकांत मिसळणे, मुलांना आणि मोठ्यांना धर्मशिक्षण देणे, फादरांचे बोलणे लोकांपर्यंत पोहोचवणे हे त्याचे काम. सुमारे आठ वर्षे त्याने धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. माणूस मनमिळाऊ, आणि लोकांचाही त्याच्यावर जीव.

या काळात त्याने येशूसंघात प्रवेश मागितला. तो मिळाला नाही. भारतात जन्मलेल्या, मिश्र कुळातल्या मुलांना त्या काळी युरोपीय धर्मसंघांची दारे अरुंदच होती. चर्चच्या इतिहासातली ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्यांनी वाढवले, ज्यांच्यासाठी आठ वर्षे राबला, त्यांच्याच घरात त्याला कायमची जागा नव्हती.

मग त्याने जपानमध्ये व्यापार सुरू केला. भाषा येत होती, ओळखी होत्या, लोकांचा विश्वास होता. धंद्यात जम बसला, पैसा आला. इथे थांबला असता तरी त्याला कोणी नावे ठेवली नसती. काम आणि जीवन यांचा तोल कसा राखावा, याविषयी आजकाल पुष्कळ बोलले जाते, आणि तोल म्हणजे तासांची वाटणी असा आपला समज असतो: इतके तास कंपनीला, इतके घराला, उरलेले देवाला. सेमिनरीत ॲरिस्टॉटल शिकताना मध्यममार्ग म्हणजे दोन टोकांच्या बरोब्बर मधला बिंदू नव्हे, हे आमच्या डोक्यात शिरायला बराच वेळ लागला होता. योग्य काय, ते माणूस, वेळ आणि प्रसंग पाहून ठरते. गोन्सालोच्या जीवनात बिघडलेले असे काहीच नव्हते. तरी जुनी हाक त्याला स्वस्थ बसू देईना. तो फिलिपाईन्समध्ये मनिलाला गेला आणि 1588 च्या सुमारास तिथल्या फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला. फादर नव्हे, ब्रदर. चाललेला धंदा सोडून त्याने ही जागा पत्करली आणि त्यात कमीपणा मानला नाही.

आता त्यांना 'ते' म्हणायला हवे. 1593 मध्ये फिलिपाईन्सच्या गव्हर्नरने जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे फ्रान्सिस्कनांचे एक शिष्टमंडळ पाठवले. प्रमुख होते फादर पेद्रो बाप्टिस्टा आणि त्यांचे दुभाषी ब्रदर गोन्सालो. पेद्रो बाप्टिस्टा विद्वान, अनुभवी, पदाने कितीतरी वरचे. पण दरबारात त्यांचा शब्द ब्रदर गोन्सालोंच्या तोंडूनच पोहोचायचा. नवा इंजिनियर डिप्लोमा घेऊन येतो आणि मशीनची नस जुन्या ऑपरेटरकडून शिकतो, तसेच हे. दुभाष्याने स्वतःचे काही मिसळायचे नसते आणि दुसऱ्याचे काही गाळायचे नसते. तापट सत्ताधीशासमोर हे सांभाळणे सोपे नाही. 1587 मध्येच हिदेयोशीने मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता, पण तो कडकपणे राबवला जात नव्हता. फ्रान्सिस्कनांना क्योटोत राहता आले. तिथे त्यांनी चर्च बांधले आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय चालवले. जी जपानी भाषा गोन्सालो येशूसंघीयांच्या कामात शिकले होते, ती इथे अशी उपयोगी पडली. पहिल्या घराने दिलेली शिदोरी त्यांनी रागाने फेकून दिली नव्हती. मला विचाराल तर या चरित्रातली सर्वांत अवघड गोष्ट हीच आहे. नाकारले गेल्यावर आपण माणसे तर सोडतोच, पण त्यांनी शिकवलेले चांगलेही टाकून देतो.

त्या वेळी जपानमध्ये येशूसंघीय आणि फ्रान्सिस्कन यांच्यातही मतभेद होते. तिथे काम करण्याचा हक्क कोणाचा, हा वाद रोमपर्यंत गेला होता.

1596 च्या ऑक्टोबरमध्ये 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले. हिदेयोशीने माल जप्त केला. मिशनऱ्यांच्या मागोमाग स्पेनचे सैन्य येईल, हा संशय बळावला आणि डिसेंबरमध्ये धरपकड झाली. 3 जानेवारी 1597 रोजी क्योटोत कैद्यांचे डावे कान छाटण्यात आले. मग ऐन थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत सुमारे महिनाभर चालवत नेले. त्यांच्यात लहान मुलेही होती. लुईस इबाराकी जेमतेम 12 वर्षांचा. फ्रान्सिस्कनांच्या सेवेत राहिलेला तो मुलगा होता. चौदा वर्षांचा थॉमस कोझाकी आणि त्याचे वडील मायकेल, दोघेही त्या रांगेत होते.

5 फेब्रुवारी 1597 रोजी निशिझाका टेकडीवर 26 जणांना क्रुसांवर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि 17 सामान्य प्रापंचिक. तिघा येशूसंघीयांपैकी पॉल मिकी आधीपासून संघात होते. योहान दे गोतो आणि दिएगो किसाई या दोघांचा व्रतस्वीकार मृत्यूच्या अगदी आधी झाला. दिएगो साठी उलटलेले होते, येशूसंघीयांच्या घरातले जुने सेवेकरी. त्याच ओळीत, फ्रान्सिस्कनांच्या झग्यात, चाळिशीचे ब्रदर गोन्सालो होते.

1627 मध्ये या सर्वांना धन्य घोषित केले गेले आणि 8 जून 1862 रोजी पोप नववे पायस यांनी संतपद दिले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. उपासनेत 6 फेब्रुवारीला आपण पॉल मिकी व त्यांचे सोबती असे म्हणतो, त्या सोबत्यांत आपले वसईकरही आले. वसईजवळ गास गावात त्यांच्या नावाचे चर्च आहे. सुट्टीत तिकडे जाणाऱ्यांनी मुलांना ते दाखवावे, आणि जमल्यास किल्ल्यातही एक फेरी मारावी.