भास्कराचार्य आणि कृपणाची कवडी

ग्वाल्हेरच्या किल्ल्याची वाट चढताना एकाच खडकात कोरलेले चतुर्भुजाचे लहानसे देवालय लागते. तेथील विक्रम संवत ९३३ च्या (इ. स. ८७६) शिलालेखात २७० हा आकडा आजच्यासारखाच शून्यासह खोदलेला आहे. त्यानंतर सुमारे अडीच शतकांनी, शके १०३६ मध्ये (इ. स. १११४), भास्कराचार्य जन्मले. शून्यासह दशमान अंकलेखन त्यांना वारशानेच मिळाले होते.

सह्याद्रीच्या आश्रयाला वसलेले विज्जडविड हे त्यांचे गाव. वडील महेश्वर हेच गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. ‘लीलावती’ हा त्यातील अंकगणिताचा भाग. लीलावती ही त्यांची कन्या व घटिकापात्रात मोती पडून तिचा विवाहमुहूर्त टळला, ही कथा गोड खरी. पण ती येते फैजीच्या १५८७ मधील फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेतून, म्हणजे चार शतकांनंतर.

अपूर्णांकांना ते ‘भिन्न’ म्हणत. बेरजेपूर्वी छेद सारखे करावेत, भागाकारात भाजकाचे अंश-छेद उलटवून गुणावे, या आपल्या वर्गातल्याच रीती तेथे आहेत. परंतु रीत सांगून ते थांबत नाहीत. एका कृपणाने याचकाला दान दिले: अर्ध्या द्रम्माचे दोन तृतीयांश, त्याचे तीन चतुर्थांश, त्याचा पंचमांश, त्याचा सोळावा हिस्सा आणि त्याचाही पाव! ऐकणाऱ्यास वाटावे, केवढे हे औदार्य! गुणाकार केला की उरतो १/१२८०. त्या काळी २० कवड्यांची काकिणी, ४ काकिणींचा पण व १६ पणांचा द्रम्म होई. म्हणजे द्रम्माच्या कवड्या १२८०. याचकाच्या हातावर पडली एक कवडी! पावकी-निमकी घोकून कंटाळलेल्या विद्यार्थ्याने हे उदाहरण पाटीवर अवश्य सोडवून पाहावे.

आणि छेदस्थानी शून्यच आले तर? अशा राशीस त्यांनी ‘खहर’ म्हटले व ती अनंत मानली. आजचे अंकगणित शून्याने भागूच देत नाही. आचार्यांचे उत्तर आज मान्य नाही, पण प्रश्नाला त्यांनी बगल दिली नाही.

एकोणसत्तराव्या वर्षी त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले. पुढे त्यांचे नातू चांगदेव, सिंघण यादवाचे ज्योतिषी, यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापिला. त्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेख संस्कृत आहे; अखेरच्या काही ओळी मात्र जुन्या मराठीत आहेत.