पंडिता रमाबाई आणि दहा वर्षांचे वचन

चांगल्या कामाला पैसा कमी पडतो, हा अनुभव बहुतेक मंडळ्यांना आहे. तो मागावा कसा आणि मिळाल्यावर अटी पाळाव्यात कशा, हे पंडिता रमाबाईंच्या चरित्रातून शिकण्यासारखे आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. दुष्काळात आईवडील गेले. १८८२ साली वैधव्य आले. १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेसह त्या इंग्लंडला निघाल्या, तेव्हा वाटखर्चाला ‘स्त्रीधर्मनीति’ या स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रीचे पैसे उपयोगी पडले. तेथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत गेल्या. हिंदू विधवांसाठी वसतिगृहासह शाळा काढण्याचा त्यांचा मनोदय होता. जवळ पैसा नव्हता. पण त्यांनी नुसती दया मागितली नाही. १८८७ साली इंग्रजीत पुस्तक लिहून उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची स्थिती खानेसुमारीच्या आकड्यांसह मांडली आणि शेवटी आपली योजना सांगून मदतीची विनंती केली. मग गावोगाव व्याख्याने दिली. त्याच वर्षी डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. ठिकठिकाणी रमाबाई मंडळे निघाली. सभासदांनी वर्षाला निदान एक डॉलर, असे दहा वर्षे देण्याचे वचन दिले. थोडे थोडे, पण नेमाने!

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. संस्थेत कोणत्याही धर्माची सक्ती नसावी, अशी अट होती. रमाबाई स्वतः प्रार्थना करीत, तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. यावरून १८९३ मध्ये मोठा वाद झाला. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. असोसिएशनने चौकशी केली, पण मदत थांबवली नाही. दहा वर्षे पुरी झाली, तेव्हा १८९८ मध्ये रमाबाई पुन्हा अमेरिकेस जाऊन देणगीदारांसमोर उभ्या राहिल्या. केडगावात त्यांनी आधीच जमीन घेतली होती. मध्य प्रांतातील दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुलींना तेथे आसरा मिळाला. १९२२ साली केडगावीच त्यांचे निधन झाले.

आज भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादेत कोणी विधवांसाठी शिवणवर्ग काढू म्हणेल, तर क्रम हाच. आधी गरज आकड्यांनी दाखवा, योजना व खर्च लिहा, मुदत ठरवा. अट कबूल करण्यापूर्वी नीट वाचा. तिचा अर्थ दोन्ही बाजूंना एकच कळला आहे ना, हे पाहा. पैसा संपण्याआधी स्वतःच्या उत्पन्नाची सोय करा, आणि मुदत संपली की हिशेब घेऊन स्वतः दात्यापुढे जा.